पूर ओसरल्यावरच काठ का ढासळतो? (पंचगंगा-कृष्णा काठ, मळीची जमीन, दरडी)

तळवट
रुकडीपासून खाली शिरोळपर्यंत पंचगंगेचा काठ बघितला तर एक गोष्ट दरवर्षी सारखीच दिसते. पूर चढताना आणि पाणी काठोकाठ असताना काठ तसाच उभा असतो. पाणी उतरायला लागलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी धप्पकन कडा बसतो. उसाच्या चार-पाच सऱ्या, कधी बांधावरचं झाड, कधी मोटारीचा चौथरा, सगळं घेऊन. "पाण्याच्या धडकेनं गेलं" असं सगळे म्हणतात, पण धडक तर पूर भरात असताना जास्त असते.

ज्या काठाबद्दल विचारतोय तो साधारण ६ मीटर उंच आहे, जवळजवळ उभा. वर काळी मळी (पुराच्या गाळाची माती), मध्ये पोयटा (वाळूपेक्षा बारीक कणांचा गाळ), खाली काय आहे ते पाण्यामुळं दिसत नाही. कडेपासून सव्वा मीटर आत काठाला समांतर अशी बोटभर रुंद भेग आहे. दोन गोष्टी सांगा. हे नेमकं कशामुळं होतं, आणि येत्या जूनच्या आत काय करता येईल?

जॅकवेल
धडक पायथा खाते, पण कडा पाडतं ते मातीच्या आतलं पाणी.

नदी भरलेली असते तेव्हा तिचं पाणी काठाला बाहेरून रेटून धरत असतं. आठ-दहा दिवस पाणी टिकलं की काठ आतपर्यंत पिऊन घेतो. मग नदी उतरते. बाहेरचा आधार जातो, पण आतलं पाणी तेवढ्या वेगानं निघत नाही. फुगलेल्या काळ्या मातीतून पाणी दिवसाला काही मिलिमीटर एवढंच सरकतं, आणि नदी एका दिवसात अर्धा-एक मीटर सहज उतरते. म्हणजे दोन-तीन दिवसांनी बाहेर पाणी खाली आणि काठाच्या पोटात पाणी वर, अशी अवस्था होते. आतली पातळी बाहेरच्यापेक्षा २ मीटर वर राहिली तर तळाशी दर चौरस मीटरला २ टनांचा दाब आतून बाहेर बसतो. शिवाय पाण्यात बुडालेल्या मातीचं वजन घनमीटरला टनभरच जाणवतं. पाणी उतरलं की तीच भिजलेली माती जवळपास २ टनांनी खाली ओढते.

वजन दुप्पट, आधार शून्य, आतून दाब. धरणाच्या मातीच्या भिंतीतही जलाशय घाईनं रिकामा केला तर आतल्या बाजूचा उतार घसरतो, कारण हेच. म्हणून मातीच्या धरणाचं पाणी सावकाश उतरवतात.

खालच्या पट्ट्यात हे जास्त दिसतं त्याचं कारण नरसोबाची वाडी, म्हणजे कृष्णा-पंचगंगेचा संगम. तिथं कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा नसते, पूर उभा राहतो आणि काठ पुरता भिजतो. २०१९ ला आणि २०२१ ला कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी तिथं ४३ फूट आहे. अशा वर्षी जे काठ एरवी कधी भिजत नाहीत तेही भिजतात आणि मग वीस-पंचवीस वर्षं न हललेली कड बसते.

काळी_माती
जॅकवेल यांच्या म्हणण्याला आकडे जोडतो. उभा काठ किती उंच टिकेल ते मातीच्या चिकटपणावर ठरतं. ढोबळ सूत्र: चिकटपणाची चौपट भागिले मातीचं एकक वजन (एका घनमीटरचं वजन).

मे महिन्यातली वाळलेली मळी घ्या. कणांमधलं उरलंसुरलं पाणी कणांना एकमेकांकडं ओढून धरतं, त्यामुळं चिकटपणा ४० किलोपास्कल धरायला हरकत नाही. वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन. उत्तर येतं जवळपास ९ मीटर. म्हणून तुमचा ६ मीटरचा काठ उन्हाळ्यात भिंतीसारखा उभा दिसतो.

पुरानंतर तीच माती भिजली की ती ओढ संपते. चिकटपणा १५ धरा, वजन १९. उंची आली ३.२ मीटर. वरून भेग पडलेली असेल तर चौपटऐवजी २.६७ पट धरतात, म्हणजे २.१ मीटर. ६ मीटरचा काठ मग कशाच्या जोरावर उभा राहील? चिकटपणाचे आकडे जागेजागी बदलतील, पण कोरड्या आणि ओल्यातला फरक इतकाच मोठा असतो.

ती समांतर भेग मुळीच साधी समजू नका. तिच्यात पाऊस किंवा उसाच्या पाटाचं पाणी गेलं आणि दीड मीटर भरलं, तर ते पाणी काठाला दर मीटर लांबीमागं १.१ टनानं नदीकडं ढकलतं. भेग दिसली की त्याच दिवशी बुजवायची. नुसती वरून माती लोटून नाही. फावड्यानं दोन्ही कडा व्ही आकारात फूटभर खोल मोकळ्या करायच्या, ओलसर चिकणमाती थराथरानं घालून कुटायची आणि वर थोडा उंचवटा ठेवायचा, म्हणजे पाणी तिथं थांबत नाही.

तळवट
समजलं. मग कडेपासून किती आत सुरक्षित धरायचं?

जॅकवेल
काठाच्या पायथ्यापासून एक रेषा कल्पा, आडवी २ आणि उभी १ अशा उताराची. ती वर जिथं निघते तिथपर्यंतचा पट्टा धोक्याचा. ६ मीटर उंच उभ्या काठाला १२ मीटर. त्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉली भरून उभी करू नका, उसाची खोडवी तिथं ठेवू नका, मोटारीचा चौथरा तर नाहीच.

आणि पायथा नदीच्या दिसणाऱ्या पाण्याशी धरू नका. पाण्याखाली पात्र अजून दोन मीटर खोल असेल तर उंची ८ मीटर झाली. बांबूला खुणा करून होडीतून किंवा पुलाजवळ खोली मोजून घ्या.

प्रयाग_चिखली
खाली काय आहे ते न बघता उपाय ठरवू नका. उन्हाळ्यात पाणी सर्वांत खाली असताना काठाचा एक हात रुंद पट्टा खुरप्यानं वरून खालपर्यंत तासून घ्या. ताज्या तासलेल्या तोंडावर थर लगेच ओळखू येतात: काळी मळी, पोयटा, आणि बऱ्याचदा मध्येच विताएवढा बारीक वाळूचा पट्टा. तो पट्टा एखाद्या जुन्या पुराचा असतो. पूर जोरात असतो तेव्हा वाळू पडते, पाणी संथ झालं की पोयटा, आणि साचून राहिलं की चिकण.

वाळूच्या पट्ट्यातून पाणी भराभर बाहेर येतं आणि येताना बारीक कण घेऊन येतं. आत पोकळी होते, वरची मळी लोंबकळते आणि तुटते. पूर उतरताना काठाच्या मध्यातून झिरपणारं पाणी गढूळ दिसलं तर हे चालू आहे असं समजा. स्वच्छ झिरपत असेल तर ते चांगलंच, आतला दाब कमी होतोय.

थर ओळखायला सोपी पद्धत: लिटरच्या सरळ बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चमचाभर धुण्याचा सोडा. पाच मिनिटं जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. पहिल्या मिनिटात खाली बसली ती वाळू. दोन तासांत बसला तो पोयटा. दुसऱ्या दिवशी बसते ती चिकण. मिनिट, दोन तास, चोवीस तास, अशा तीन खुणा बाटलीवर करा आणि उंचीचं प्रमाण काढा. सोडा विसरलात तर चिकणमातीच्या गुठळ्या पोयट्याबरोबरच बसतील आणि उत्तर चुकेल.

सातवी_ब
धाग्याला थोडं आडवं जातंय. ही सगळी माती मूळची कुठली? पुराचं पाणी चिखली-आंबेवाडीजवळ तांबूस असतं, आणि शिरोळची जमीन मात्र काळी. मुलं नेमकं हेच विचारतात.

करूळघाट
चांगला प्रश्न, आणि आडवा अजिबात नाही. इथंही कर्ता आत मुरलेलं पाणीच आहे.

सगळ्याचं मूळ एकच, काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, तोच हा बेसॉल्ट. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या-आडव्या फटी पडल्या. पावसाचं पाणी हवेतला आणि मुळांजवळचा कार्बन डायऑक्साइड घेऊन या फटींत उतरतं. ते सौम्य आम्ल असतं. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम ते विरघळवून नेतं, लोह गंजतं, आणि उरतं ते चिकणमातीचं खनिज.

रस्त्याच्या कापात मुरमात रुतलेले गोल गोटे दिसतात ना, त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात? ते नदीनं गोल केलेले नाहीत. फटींनी दगडाचे चौकोनी ठोकळे पाडले. ठोकळ्याच्या कोपऱ्यावर पाणी तीन बाजूंनी चढाई करतं, कडेवर दोन आणि सपाट तोंडावर एकाच बाजूनं. कोपरे आधी झिजले, ठोकळा जागच्या जागी गोल झाला. गोट्याभोवतीचा भुसभुशीत पिवळट-तपकिरी भाग म्हणजे मुरूम. विहीर खणताना वरून खाली माती, मुरूम, मांजऱ्या (अर्धवट झिजलेला मऊ खडक), पाषाण लागत जातो. पाणी किती खोलवर काम करून गेलंय त्याचा हा हिशेबच आहे.

आता रंगाचं. गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, कोल्हापूर शहरात १००० च्या आसपास, शिरोळला त्याच्या निम्मा. शंभरेक किलोमीटरच्या आत एवढा उतार फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतो. पश्चिमेला इतकं पाणी मुरतं की कॅल्शियम-मॅग्नेशियम तर जातंच, सिलिकासुद्धा धुऊन जाते. न विरघळणारं लोह आणि अॅल्युमिनियम मागं राहतं. तो जांभा. पन्हाळा आणि मसाई पठाराच्या डोक्यावर तोच आहे, आणि जिथं अॅल्युमिनियम फार साठलं तिथं बॉक्साइट. पूर्वेला पाणी कमी, त्यामुळं कॅल्शियम-मॅग्नेशियम जमिनीतच राहतं आणि तिथं फुगणारी-आकसणारी काळी माती तयार होते. शिरोळकडं खोदताना चुनखडीचे पांढरे खडे निघतात ते धुऊन न गेलेल्या कॅल्शियमचे. व्हिनेगरचा थेंब टाका, फसफसतो. जांभ्यावर टाका, काही होत नाही. वर्गात करायला सोपं आहे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चौघी पश्चिमेचा तांबडा गाळ घेऊन येतात, म्हणून प्रयागला (चिखलीजवळच्या संगमावर) पाणी तांबूस. शिरोळच्या मळीत हा गाळ, कृष्णेचा गाळ आणि जागेवरची काळी माती असं मिश्रण असतं.

सातवी_ब
धन्यवाद. म्हणजे पुस्तकातले शब्द लावायचे तर गोट्यांचे पापुद्रे आणि जांभा हे विदारण, कारण तिथं दगड जागच्या जागी बदलतो. काठ बसणं आणि दरड ही विस्तृत झीज, माती स्वतःच्या वजनानं खाली येते. कुंभीनं गाळ आणणं हे वहन, मळी हे संचयन. विदारण आणि झीज यात मुलांची गल्लत होते ती "काही हललं का?" एवढं विचारलं की सुटते.

करूळघाट
बरोबर. आणि काठ बसणं व घाटातली दरड एकाच खात्यात घातलीत ते महत्त्वाचं. करूळ किंवा भुईबावडा घाटात दरड कोसळते तिथं बघा, घसरलेल्या जागेच्या मागं बहुतेक वेळा पाणी झिरपताना दिसतं. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये विटेसारखा तांबडा मातकट पट्टा असतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात झिजलेला तो जुना पृष्ठभाग. वरच्या फटींतून उतरलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. डोंगरातले कितीतरी झरे याच ओळीत असतात. मुसळधार पावसात बाहेर पडण्यापेक्षा आत येणारं पाणी जास्त होतं, दाब वाढतो, आणि वरचा मुरूम-मातीचा थर पट्ट्यावरून सुटतो. पाऊस थांबल्यावर काही तासांनीही दरड येते, कारण आतलं पाणी अजून खाली उतरत असतं.

डोंगराखालच्या वस्तीनं चार खुणा लक्षात ठेवाव्यात. वरच्या उतारावर आडवी भेग पडणं. कोरड्या जागी एकदम पाणी फुटणं, किंवा नेहमीचा झरा अचानक गढूळ होणं वा थांबणं. झाडं, विजेचे खांब कलणं. दारं-खिडक्या अडकायला लागणं. यातल्या दोन एकत्र दिसल्या आणि पाऊस चालू असेल तर रात्र तिथं काढू नये. ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये (जि. पुणे) दरडीखाली दीडशेवर माणसं गेली. ओढ्याचं पाणी पावसात अचानक आटलं तरी खूश होऊ नका, वर कुठंतरी माती आडवी पडून पाणी तुंबलंय आणि ते एकदम सुटेल.

बरगा
उपायावर या आता. मला वाटतं सरळ काँक्रीटची भिंत घालावी. एकदाच खर्च.

जॅकवेल
बरगा दादा, भिंत घातली तरी आतलं पाणी जाणार कुठं? भिंतीमागं तेच २ टन दर चौरस मीटरला उभे राहतात. भिंतीला पाणी निघायची भोकं ठेवली आणि मागं वाळू-खडीची गाळणी दिली नाही तर भोकातून माती निघून जाते, दोन पावसांत मागं खड्डा. आणि भिंतीचा पाया गाळावर असेल तर नदी पायाखालचा गाळ काढते आणि भिंत अखंडच्या अखंड पुढं कलते. उंच काठाची भिंत ही एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातली गोष्ट नाही, चुकली तर नुकसानही मोठं.

तुमच्या ६ मीटर काठासाठी क्रम असा ठेवा.

आधी पायथा. पायथा खाल्ला जात असेल तर वरचं सगळं काम वाया. नदीकडं मोठ्या दगडांचा सैल थर पसरायचा, रुंदी अपेक्षित खोदाईच्या दीडपट. नदी २ मीटर खोल खोदेल असं वाटत असेल तर ३ मीटर रुंद. दगड सैल हवेत, चुन्या-सिमेंटात नकोत. खालची माती गेली की ते आपोआप घरंगळून खड्ड्यात बसतात आणि तिथलं खोदणं थांबतं. जवळपास वाळूउपसा किंवा वीटभट्टीसाठी मातीउपसा चालू असेल तर तो आधी थांबवायला हवा, नाहीतर पायथा दरवर्षी खाली जाणार.

मग उतार. उभी कड छाटून आडवे २, उभा १ करायचा. जमीन जाते हे खरं, ६ मीटरला कडेपासून १२ मीटर. पण तो पट्टा आज ना उद्या नदी नेणारच आहे, आणि आपण उतार दिला तर त्यावर बांबू, करंज, गवत तरी राहतं. एवढी जमीन सोडवत नसेल तर निदान दीडास एक (आडवे दीड, उभा १) करा आणि खालच्या २ मीटरवर दगडी अस्तर द्या: १५ सेंटिमीटर वाळू-खडीची गाळणी, वर ३० सेंटिमीटर दगड. गाळणी वगळून नुसता दगड रचला तर फटींतून माती वाहून जाते आणि अस्तर खचतं. सर्वांत जास्त फसलेली कामं इथंच फसलेली असतात.

पडलेल्या जागी मुरूम ओतून कड परत उभी करायची घाई बरेच जण करतात. जुन्या गुळगुळीत तुटीवर मुरूम ओतला की पाणी मुरमातून उतरतं, तुटीच्या चिकणमातीवर अडतं आणि नवा भराव त्याच तुटीवरून घसरतो. भराव घालायचाच तर आधी जुन्या मातीत अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या पायऱ्या कापा, मग १५ ते २० सेंटिमीटरचे थर, प्रत्येक थर दाबून.

आणि जॅकवेलच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीच्या) पाइपलाइनची चर! काठ फुटलेला दिसला की तिथं जुनी चर आहे का ते आधी बघा. चर भरताना ढेकळं लोटलेली असतात, पाणी पाइपाच्या अंगानं धावतं. दर ३-४ मीटरवर पाइपाभोवती चिकणमातीची कुटलेली आडवी पाचर द्या.

काळी_माती
यात शेतीची बाजू राहिली. कडेपर्यंत ऊस आणि कडेपर्यंत पाट, हे काठाला वर्षभर ओलं ठेवणं झालं. उसाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरात असतात, ६ मीटरच्या काठाला त्यांचा आधार नगण्य. कडेचे निदान ५ मीटर पाटपाण्याशिवाय ठेवा, सऱ्यांचा उतार नदीकडं नको, आत शेताकडं. शेताचं जादा पाणी नदीत सोडायचं तर पाइपानं थेट पायथ्यापर्यंत न्या, कडेवरून नको.

बरगा
भिंतीचा मुद्दा पटला. एक भर घालतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला शंभर-दोनशे मीटर काठ असेल तर वेगळा विचार करा. बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) काढायला उशीर झाला आणि पहिला लोंढा अडला, किंवा बरग्यांत झाडं-ओंडके अडकले, तर पाणी बंधाऱ्याच्या बाजूनं वाट काढतं आणि काठच कापतं. तिथं मात्र खरोखर धडकेचं काम असतं. तिथं दगडी अस्तर बंधाऱ्याच्या पंखभिंतीला घट्ट जोडून घ्यावं लागतं, मध्ये हातभर मोकळी माती राहिली तरी पाणी तिथूनच घुसतं.

सातवी_ब
गाळ किती वाहतो ते मुलांना मोजून दाखवता येईल का?

प्रयाग_चिखली
येईल. मुलांना काठावर नेऊ नका, पुलावरून मोठ्या माणसानं नमुना काढायचा. वजन बांधलेली बाटली दोरीनं मध्यप्रवाहात सोडायची, काठाजवळचं पाणी नको, तिथं गाळ कमी-जास्त असतो. बादलीत ५ लिटर जमवा, तुरटी फिरवा, दोन दिवस ठेवा, वरचं नितळ पाणी हळूच ओता, खालचा गाळ पूर्ण वाळवून वजन करा. स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही, ०.१ ग्रॅम दाखवणारा हवा, गुजरीत सोनाराकडं असतो तसा.

समजा ५ लिटरला २.५ ग्रॅम आला, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. लिटरला १ ग्रॅम असेल तर एका क्युसेकमागं दिवसाला जवळपास २.४ टन गाळ जातो, अर्धा ग्रॅमला १.२ टन. प्रवाह ४०,००० क्युसेक धरला तर दिवसाला ४८ ते ४९ हजार टन. दहा टनी ट्रक सुमारे ४,९०० झाले.

दुसरी बाजू पण दाखवा: एक हेक्टरवरून एक मिलिमीटर माती गेली तर १० घनमीटर, म्हणजे १३ टनांच्या आसपास. डोळ्यांना मिलिमीटर दिसत नाही. पश्चिमेकडच्या उताराच्या शेतात हातभर लांब लोखंडी सळ्या ठोकून जमिनीच्या वर नेमकी ५ सेंटिमीटर ठेवा आणि दिवाळीनंतर मोजा. एक सळी पुरत नाही, कमीत कमी दहा, आणि त्यांच्या आसपास भांगलण करायची नाही.

तळवट
बरंच हाताला लागलं. पायथ्याचा दगड आणि उतार फेब्रुवारी-मार्चमध्ये. काठावर वाळा (खोल मुळांचं गवत) लावायचा विचार आहे, तो जूनमध्ये लावू ना, पावसावर?

काळी_माती
माळावर जून बरोबर, नदीकाठी नाही. जूनमध्ये लावलेला ठोंब जुलैच्या पुरापर्यंत धरत नाही, उपटून जातो. काठाच्या वाळ्याला ऑक्टोबर, पूर उतरून माती चालण्याजोगी झाली की लगेच. तुमचा उतार मार्चमध्ये होणार असेल तर या वर्षी वरच्या, न छाटलेल्या पट्ट्यात ऑक्टोबरलाच रोपवाटिका म्हणून लावून ठेवा. मार्चमध्ये तेच ठोंब फोडून नव्या उतारावर न्या. त्यांना मोटारीचं पाणी द्यावं लागेल, पहिला महिना तीन-चार दिवसांआड. तीन महिन्यांत पहिल्या पुराला तोंड देण्याइतपत मुळी धरते. पूर्ण जोर यायला वर्ष लागतं, तेव्हा मुळं २ ते ३ मीटर खोल जातात.

एका ठोंबात दोन-तीन फुटवे, पाती वितभर ठेवून छाटलेली, दोन ठोंबांत १० ते १५ सेंटिमीटर. ओळ काठाला समांतर आणि अगदी एका पातळीत, दोन ओळींत उभं अंतर १ मीटर. ओळ वाकडी गेली तर पाणी खोलगट जागी जमून तिथूनच चर पाडतं, म्हणून पाण्याच्या नळीनं पातळी काढूनच आखा. मोठ्या झाडाच्या सावलीत वाळा येत नाही, त्या जागी निर्गुडी लावा.

तळवट
नळी आहे. भेग आज संध्याकाळीच बुजवून घेतो, पाटाची दिशाही या आठवड्यात फिरवतो. काठ तासून थरांचे फोटो पाणी उतरलं की इथंच टाकतो.